राहिलेला ठिपका

ढग आलेत. आता अर्धा तास तरी ते हलायचे नाहीत, तेव्हा दुर्बिणीवर कापड टाका आणि बसा माझ्याजवळ. आणि ए, निळ्या जॅकेटवाल्या, तो मोबाईल आधी खिशात घाल. अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो आणि तुझ्या एका मेसेजपायी सगळ्यांचा अर्धा तास पाण्यात जातो. हं, आता कसं बरं वाटतंय.

मघाशी तुमच्यातल्या कुणीतरी विचारलं, की एवढा रुंद डांबरी रस्ता इथे असा मध्येच का संपलाय. पुढे गाव नाही, घर नाही, नुसता माळ. मी ऐकू न आल्यासारखं केलं. आता ढगांनी पेचात पकडलंय तर सांगतो. यातलं बरंचसं ज्याच्यावर गुदरलं त्याच्या तोंडून ऐकलेलं आहे. शेवटचं तेवढं मी स्वतः पाहिलंय. विश्वास ठेवा नाही तर ठेवू नका, मला काही त्याचं बक्षीस मिळत नाही.

गेल्या वर्षीची वीस नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी साडेसहाला चष्मेवाल्याने दुकान बंद केलं आणि तो मित्राच्या घरी त्याची दुर्बीण आणायला निघाला. चष्मेवाला म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावर डोळे तपासून चष्मे करून देणारा. काम चोख, पण जिभेला हाड नाही. मित्र ऑगस्टमध्ये वारला होता. दुर्बीण जिन्याखाली पडून होती, आणि दुपारी मित्राच्या बायकोचा फोन आला, "भावजी, आजच घेऊन जा. उद्यावर टाकू नका." आजच का, हे तिने सांगितलं नाही आणि यानेही विचारलं नाही.

तो मित्र म्हणजे आमचा ठिपके. आडनाव वेगळंच होतं, ठिपके हे आम्ही पाडलेलं नाव. का पाडलं ते येईलच. रस्तेखात्यात नकाशे काढायचा. हा रस्ताही त्यानेच काढलेला, कागदावर चांगला अकरा किलोमीटर. प्रत्यक्षात चार झाला आणि बाकीचा कागदावरच राहिला. "हा माझा उरलेला रस्ता," असं म्हणून तो पुढच्या माळाकडे हात करायचा आणि स्वतःच हसायचा. आकाश बघायला ही जागा त्यानेच शोधली. दिवा नाही, गाडी नाही. आणि पुढून कुणी येण्याचा प्रश्नच नाही, कारण पुढे रस्ताच नाही.

एवढं लक्षात ठेवा.

दोघांना एकच नाद. आकाशातल्या अगदी धूसर वस्तू दुर्बिणीतून बघायच्या आणि पेन्सिलीने कागदावर काढायच्या. तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका, जे सापडेल ते. तुमच्यासारखी पोरं हसतात, कॅमेरा एवढे झकास फोटो काढतो मग हा खटाटोप कशाला म्हणून. अरे, फोटो कॅमेऱ्याला काय दिसलं ते सांगतो. तुला काय दिसलं ते कोण सांगणार? वहीच्या पानावर डब्याचं झाकण ठेवून वर्तुळ काढायचं. आत आधी ठळक तारे, मग बारीक, मग पेन्सिलीची पूड बोटाने पसरून तो धूर. कागदावर सगळं उलटं, आकाश पांढरं आणि तारे काळे. आणि नियम एकच. दिसलं तेच काढायचं, माहीत आहे म्हणून काढायचं नाही.

दिसण्याच्याही युक्त्या असतात. अगदी फिकट वस्तूकडे सरळ बघितलं की ती नाहीशी होते. जरा बाजूला बघायचं, मग ती डोळ्याच्या कडेला हळूच उगवते. डोळ्याचा अगदी मधला भाग अंधारात आंधळा असतो, हे चष्मेवालाच नव्या माणसांना समजावून सांगायचा, तेही बरंच मिरवून. त्यानेही जमलं नाही तर एकाने डोळा लावायचा आणि दुसऱ्याने दुर्बिणीच्या नळीवर नखाने हलकेच टकटक करायची. दृश्य जरासं थरथरलं की लपलेला तारा उघडा पडतो. ठिपकेची टकटक ठरलेली होती. दोन, थांबून एक. आपली पाळी येईपर्यंत तो स्टुलावर वाकून बसायचा आणि पेन्सिलीचं टोक पॉलिशपेपरवर घासत राहायचा. खर्र, खर्र, खर्र. डोकं उठायचं.

चित्र झालं की दुसऱ्याने ते दुर्बिणीतून ताडून बघायचं. पटलं तर पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एकच शब्द लिहायचा, 'दिसलं'. सही नाही, नाव नाही, अक्षरावरून कळायचंच. चष्मेवाल्याचं अक्षर तिरकं आणि इतकं फिकं की कागदालाही पत्ता लागू नये. ठिपके डावखुरा. तो 'दिसलं'वरचा अनुस्वारसुद्धा तारा काढावा तसा काढायचा. पेन्सिल उभी धरून, दाबून, गोल फिरवून. पान उलटून मागून बोट फिरवलं तर तो ठिपका बोटाला टोचायचा. म्हणून ठिपके.

बिनसलं ते आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात. धुराच्या कड्यासारखा एक तेजोमेघ आहे, त्या दिवसांत मध्यरात्रीनंतर चांगला वर येतो. कड्याच्या मधोमध एक तारा आहे. फोटोत दिसतो, डोळ्याला सापडताना मात्र घाम फोडतो. त्या रात्री ठिपकेने कडं काढलं आणि मध्ये एक ठिपका दिला. चष्मेवाल्याने डोळा लावला, कडं पाहिलं, खूश झाला आणि सवयीने कोपऱ्यात लिहायला लागला. 'दिसल' एवढं लिहून झालं, आता अनुस्वार द्यायचा, तेवढ्यात कागदावरचा तो मधला तारा त्याच्या नजरेला पडला. हात थांबला.

"हा कुठून आणलास?"

"आणलास म्हणजे? दिसला."

"मला नाही दिसला."

"मग परत बघ ना. मी टकटक करतो."

"काही नको. सकाळीच तुझा डोळा तपासलाय मी. मोतीबिंदू आहे त्यात. आणि त्यातून तुला हा तारा दिसला? सरळ सांग ना, पुस्तकातला फोटो बघून काढला म्हणून."

हे सगळं चार लोकांसमोर. ठिपके पानाच्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाला, "तुझा ठिपका राहिला."

"राहू दे. तुझाच एक जास्त झालाय."

लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. ठिपकेने वही मिटली, तिला रबर लावलं आणि तो घरी गेला. त्यानंतर त्याने पुन्हा चित्र काढलं नाही. चष्मेवाल्याला वाटलं, आठ दिवसांत निवळेल. मग वाटलं, तोच येईल बोलायला. मग ऑगस्ट आला आणि एका पहाटे ठिपके झोपेतून उठलाच नाही.

तर त्या गुरुवारी वहिनींनी दार उघडलं. दुर्बीण पुसून बाहेरच्या खोलीत आणून ठेवली होती. तिच्यावर ती वही.

"शेवटचं पान बघा, भावजी."

पानावर वर्तुळ होतं, आत काही नाही. वर ठिपकेच्या नकाशातल्यासारख्या सरळ अक्षरात लिहिलं होतं. वस्तू, तेच कडं. तारीख, वीस नोव्हेंबरची रात्र. सुरुवात, बारा चाळीस. चित्र, चष्मेवाला. आणि खाली, ताडून बघणार, मी.

"हे कधी लिहिलं त्याने?"

"जुलैत. ऑपरेशन झाल्यावर. चंद्र कधी नसतो, ते कडं कधी वर येतं, सगळं मांडून बसले होते. म्हणाले, यंदा त्यालाच काढायला लावतो."

"मोतीबिंदूचं ऑपरेशन? मला कळवलं नाही ते."

"कळवणार कसं? बोलत होता का तुम्ही दोघं?" वहिनींनी उसासा टाकला. "उजव्या डोळ्याचं झालं. डावा ठणठणीत होता. डॉक्टर म्हणाले, या वयात असा डोळा बघायला मिळत नाही."

चष्मेवाल्याला ती सकाळ आठवली. दुकानात आधी उजवा डोळा तपासायचा, मग डावा, ही त्याची रोजची रीत. त्या सकाळी उजव्यात मोतीबिंदू निघाला, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आणि डावा तपासायचा राहून गेला. आणि ठिपके तर पक्का डावरा. दुर्बिणीला तो डावाच डोळा लावायचा. वीस वर्षं शेजारी उभं राहून हे पाहिलेला माणूस, धंदाच डोळ्यांचा, आणि नेमकं हेच विसरला. चार लोकांत मित्राला खोटं पाडलं ते स्वतःच्या अर्धवट कामाच्या जोरावर. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने जुनं पान काढलं. कोपऱ्यात 'दिसल' तसंच होतं, वर्षभर उघडं पडलेलं. खिशातून पेन्सिल काढून तो म्हणाला, "वहिनी, मी आत्ताच तो ठिपका देतो."

वहिनींनी पानावर हात ठेवला. "न बघता? ते नाही चालायचं त्यांना."

त्या रात्री बारा वाजता चष्मेवाला इथे आला. एकटाच. याच जागी, जिथे डांबर संपतं आणि पुढे दहा-पंधरा पावलं नुसती खडी पसरलेली आहे, तिथे त्याने दुर्बीण उभी केली. ठिपकेची बॅटरी वहीला अडकवली. तिच्या काचेला वहिनींचं लाल नेलपॉलिश फासलेलं होतं, त्यामुळे पानावर जेमतेम लालसर उजेड पडायचा. दुर्बिणीबरोबर घडीची दोन स्टुलं बांधलेली होती. सवयीने त्याने दोन्ही उघडली. एकावर स्वतः बसला. दुसरं डाव्या हाताला राहिलं, ठिपकेच्या जागेवर.

बरोबर बारा चाळीसला त्याने बाजूचा उजेड अडवायला डोक्यावरून काळं कापड घेतलं, ते हनुवटीखाली डाव्या हाताने धरलं, उजव्या हातात पेन्सिल घेतली आणि डोळा लावला. कडं होतं. आजूबाजूचे तारे काढले. कडं काढलं, पूड पसरली. मध्ये काहीच नव्हतं. नजर जरा डावीकडे नेली, जरा उजवीकडे नेली, खाली नेली. काही नाही. एक वाजून पाच मिनिटं झाली.

तेव्हा खडी वाजली.

मागून नाही. समोरून. जिकडे रस्ता नाही, तिकडून.

मागे कशाला बघतोयस रे? बस नीट. मागे तर रस्ता आहे.

कुत्रं असेल, असं चष्मेवाल्याने मनाशी म्हटलं. कापडाखालून काही दिसत नव्हतं. एक पाऊल वाजलं. थांबलं. मग आणखी एक. कुत्र्याचं चालणं असं नसतं, हे त्याला कळलं. पावलं डांबरावर आली. दुर्बिणीला वळसा घालून डावीकडे आली. थांबली. मग स्टुलाचं कापड करकरलं, माणूस बसल्यावर करकरतं तसं.

त्याने झटक्यात डोक्यावरचं कापड ओढलं.

स्टूल रिकामं.

माळही रिकामा. वाऱ्याने झालं असेल. पण वारा नव्हताच. त्याने कापड पुन्हा घेतलं, कारण उघड्यावर बसणं जास्त अवघड वाटायला लागलं. डोळा लावला.

आणि डावीकडून...

खर्र. खर्र. खर्र.

हा आवाज त्याने वीस वर्षं ऐकला होता. वीस वर्षं त्यावर वैतागला होता. त्याने कापडाची कड हळूच वर केली. या वेळी स्टुलाकडे मान वळवली नाही. नजर वहीवरच्या लाल उजेडावर ठेवली आणि तशीच ठेवली.

डोळ्याच्या कडेला कुणीतरी बसलं होतं. वाकून. डावा हात पुढे मागे, पुढे मागे.

त्याने सरळ बघितलं. कुणी नाही.

बाजूला बघितलं. होतं.

"ठिपके?..."

खर्र. खर्र.

"आहेस का रे?..."

...

उठून गाडीकडे पळावं असं त्याला वाटत होतं. मग डोक्यात एकच आलं. लवकर संपवावं. कड्याच्या मध्ये ठिपका द्यावा, जुन्या पानावर अनुस्वार द्यावा आणि सुटावं. तारा कुठे आहे ते माहीत आहेच की. बघायला कोण बसलंय? त्याने पेन्सिलीचं टोक कड्याच्या मधोमध नेलं.

खर्रखर्र थांबली.

एकदम. पानावरचा लाल उजेड अंधुक झाला. वहीवर कुणीतरी वाकलं की होतो, तेवढाच.

चष्मेवाल्याने पेन्सिल उचलली. मागे घेतली.

उजेड पूर्ववत झाला.

खर्र. खर्र.

त्याने पुन्हा डोळा लावला. आता भीतीपेक्षा रडूच जास्त येत होतं. "नाही दिसत रे," तो कापडाखाली म्हणाला. "शप्पथ. मुद्दाम नाही करत. खरंच नाही दिसत."

आवाज थांबला.

स्टूल करकरलं. कुणीतरी उठलं होतं.

एक पाऊल. अगदी जवळ.

चष्मेवाल्याचा डावा हात हनुवटीखाली कापडाला घट्ट धरून होता. उजव्यात पेन्सिल होती. हे त्याने मला तीन वेळा सांगितलं. दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणाला. दोन्ही.

टक टक.

...

टक.

कडं थरथरलं. आणि मध्ये एक कण उगवला. सुईच्या टोकाने भोक पाडावं एवढा. गेला. पुन्हा आला. मग राहिला. तारा होता. ठिपकेने काढला होता तिथेच होता.

चष्मेवाल्याने त्याच्या हलक्या हाताने ठिपका दिला. मग जुनं पान उघडलं, ओल्या डोळ्यांनी 'दिसल'वर अनुस्वार दिला आणि मोठ्याने म्हणाला, "चुकलं माझं."

तो थांबला. बराच वेळ थांबला. मग लाल उजेडावर नजर ठेवून डाव्या बाजूचा अंदाज घेतला. कडेलाही कुणी नव्हतं. खडीही वाजली नाही. एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती. नव्या पानाचा खालचा कोपरा कोरा होता, तो तसाच ठेवून त्याने वही मिटली. तिथे लिहिणारा आता कुठून आणणार? वहीला रबर लावलं, सामान गाडीत भरलं आणि वहिनींच्या दारासमोर गाडी लावून, वही मांडीवर घेऊन, तो सकाळपर्यंत टक्क जागा बसून राहिला.

सात वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने वही उघडली. आधी जुनं पान दाखवलं. 'दिसलं' पूर्ण झालेलं बघून वहिनींनी डोळे पुसले. मग त्याने नवं पान काढलं. वर्तुळ होतं, कडं होतं, मध्ये त्याचा तो फिका ठिपका होता.

आणि कोपऱ्यात...

शब्द नव्हता. नुसता एक ठिपका. अनुस्वार जेवढा वर द्यायचा तेवढ्याच उंचीवर, खाली आणि डावीकडे शब्दापुरती जागा सोडून. काळाभोर. गोल.

"पेन्सिल... पेन्सिल लागली असेल चुकून," चष्मेवाला कसाबसा म्हणाला.

वहिनींनी पान उलटलं आणि मागच्या बाजूने हळूहळू बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं. तिथेच ते बराच वेळ राहिलं. मग त्यांनी पान पुन्हा सरळ केलं आणि टेबलावरची पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली.

"शब्द तुम्ही लिहा, भावजी. त्यांचं त्यांनी दिलंय."

ती वही अजून वहिनींकडेच आहे. भांडणाच्या त्या रात्री मीही हसलो होतो, म्हणून त्यांनी ती एकदा मुद्दाम माझ्या हातात दिली. कोपऱ्यात अजून शब्द नाही, चष्मेवाल्याला लिहायचा धीर होत नाही. मी पान उलटलं, डोळे मिटले आणि मागून बोट फिरवलं. सगळं पान गुळगुळीत आहे. एका जागी टोचतं.